हाक कोणाला, आणि कशी?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आदरणीय भाई, आम्ही फोंड्याला राहतो. आमच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं आहेत : एक आमचं, एक कॅथलिक, एक मुसलमान. गेली नऊ वर्षं नाताळच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिघी कॅथलिक शेजारणीच्या स्वयंपाकघरात नेवऱ्या करायला बसतो. या खेपेला तिचा मुलगा बेंगळुरूहून आला होता. तिकडे तो कुठल्याशा प्रार्थनागटात जातो. बोलता बोलता माझी मुसलमान शेजारीण म्हणाली, "शेवटी आपण एकाच देवाची लेकरं." त्यावर तो म्हणाला, "नाही आंटी, तुमचा अल्ला आणि आमचा देव एक नव्हेत. बायबल वाचलंत तर कळेल." ती काही बोलली नाही. हातातली नेवरी दुमडली, कडेने कातण फिरवलं, ताटात ठेवली, हात धुतले आणि घरी गेली. आता जिन्यात भेटली की हसते, पण आत येत नाही. माझी आठवीतली मुलगी तिथेच बसली होती. रात्री तिने विचारलं, "ज्यू, ख्रिश्चन आणि मुसलमान यांचा देव एकच ना?" मी म्हटलं, "अगं, सगळे देव एकच." तर म्हणते, "मग मावशी उठून का गेली?" मला उत्तर देता आलं नाही.
— एक वाचक भगिनी, फोंडा

उत्तर : ताई, माझं मत आधीच सांगतो. ज्यू, ख्रिस्ती आणि मुसलमान ज्याला हाक मारतात तो एकच आहे असं मी मानतो. का मानतो, ते पुढे लिहितो. पण तुम्ही मुलीला जे सांगितलंत, "सगळे देव एकच", ते आपलं उत्तर झालं, त्यांचं नाही. हा फरक मला एका लग्नपत्रिकेने शिकवला.

पणजीच्या एका छापखान्यात मी एकतीस वर्षं मुद्रितशोधक होतो. खिळे जुळवायच्या काळात लागलो आणि कॉम्प्युटर आल्यावर निवृत्त झालो. गोव्यातल्या छापखान्यात एकाच टेबलावर सगळे धर्म येतात. सकाळी 'श्री शांतादुर्गा प्रसन्न' तपासायचं, दुपारी रोमी लिपीतली कोंकणी प्रार्थना, संध्याकाळी वर ७८६ घातलेलं आमंत्रण. १९७८ साली डिचोलीचे एक गृहस्थ मुलीच्या निकाहची पत्रिका घेऊन आले. पत्रिका मराठीत हवी होती, कारण घरातली मुलं मराठी शाळेत शिकलेली आणि गाव मराठी वाचणारं. पहिली ओळ होती, 'अल्लाहच्या कृपेने'. मी तरुण होतो. जांभळ्या पेन्सिलीने 'अल्लाह'वर रेघ मारली आणि समासात 'ईश्वर' असं लिहिलं. मनात काही वाईट नव्हतं. अर्थ तोच, शब्द मात्र शुद्ध मराठी, असं वाटलं. दोनशे पत्रिका छापून झाल्या.

गृहस्थ आले. एक पत्रिका उचलली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "भाई, अर्थ तोच असेल. पण माझ्या घरात त्याला या नावाने कोणी हाक मारत नाही. मुलीचं लग्न आहे, पहिली हाक तरी आमच्या तोंडची असू दे." त्या रात्री कंपोझिटर थांबला, मी थांबलो, ती एक ओळ पुन्हा जुळवली आणि दोनशे पत्रिका परत छापल्या. त्यांच्या त्या दोन वाक्यांवर मी पुढे कित्येक वर्षं विचार केला. पहिल्यात त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं होतं. दुसऱ्यात मी काय हिरावून घेतलं ते दाखवलं होतं.

आपण हिंदू 'देव एकच' हे फार सहज म्हणतो. गोव्यात तर ते अंगवळणीच पडलंय. म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीच्या, म्हणजे मरियमच्या, फेस्ताला हिंदू बायका तेल घेऊन जातात, शिरगावची लईराई देवी आणि ती बहिणी-बहिणी असं मानतात. हे मला मनापासून आवडतं. माझी आईही जायची. पण आपल्या 'एकच'मध्ये रूपं पुष्कळ असतात आणि मुळाशी एक असतो. त्या तिघांच्या 'एकच'चा अर्थ, तो एकटाच, त्याच्याशिवाय दुसरा नाही. ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ जे वाक्य म्हणतो ते बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे (६:४) : हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असं येशूला विचारलं, तेव्हा त्याने आधी हेच वाक्य उच्चारलं. मार्कच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात ते आहे. आणि कुराणात २९व्या सूरेच्या, म्हणजे अध्यायाच्या, ४६व्या आयतीत मुसलमानांना सांगितलंय की ग्रंथवाल्यांशी, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती लोकांशी, चांगल्या रीतीने बोला आणि म्हणा, आमचा देव आणि तुमचा देव एकच आहे.

म्हणजे तुमची मुसलमान शेजारीण त्या दिवशी तोंडदेखलं गोड बोलली नाही. तिच्या ग्रंथात आहे तेच बोलली. मुलीला हे आधी सांगा.

आता त्या मुलाचं म्हणणं बघू. तो वेडंवाकडं बोलला असं मी म्हणणार नाही, कारण त्याच्या बोलण्यामागे खरा मुद्दा आहे. ख्रिस्ती माणसाचा देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकात तीन आहे, यालाच त्रैक्य म्हणतात. ३२५ साली निकाया इथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला धर्मसभा भरल्या त्या याचसाठी, आणि तिथला मतांगिकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, आजही गोव्यातल्या चर्चमध्ये रविवारी म्हटला जातो. उलट कुराणाची ११२वी सूरा चार ओळींची आहे आणि तिच्यात सांगितलंय की त्याने कोणाला जन्म दिला नाही, तो कोणापासून जन्मला नाही. चौथ्या सूरेत स्पष्टच आहे : 'तीन' म्हणू नका. येशूला मुसलमान ईसा म्हणतात, मोठा पैगंबर मानतात, कुमारी मरियमच्या पोटी जन्मला असंही मानतात. मरियमच्या नावाची सूरा आहे, आणि कुराणात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री. पण ईसा देव नव्हे. हा फरक बारीकसारीक नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यालाच तो जाऊन भिडतो.

मग इतका फरक असून देव एकच कसा? मी हे असं समजून घेतो. आमच्या छापखान्याच्या मालकाला आम्ही कामगार 'पात्रांव' म्हणायचो. त्यांची आई त्यांना लहानपणच्या नावाने हाक मारायची, गिऱ्हाईकं आडनावाने. आमच्यातला एक म्हातारा कामगार छातीवर हात ठेवून सांगायचा, पात्रांवला पोर्तुगालमध्ये एक मुलगा आहे. दुसरा तितक्याच ठामपणे म्हणायचा, त्यांना मूलबाळच नाही. दोघांचं जेवणाच्या सुट्टीत कडाक्याचं भांडण व्हायचं. त्यातला एक चुकत होता हे नक्की. पण भांडण होऊ शकलं ते दोघंही एकाच माणसाबद्दल बोलत होते म्हणून. एक मडगावच्या मालकाबद्दल बोलत असता आणि दुसरा पणजीच्या, तर भांडायला कारणच उरलं नसतं.

'त्याला पुत्र आहे' आणि 'त्याला पुत्र नाही' हेही तसंच. चौदाशे वर्षं ख्रिस्ती आणि मुसलमान या एका वाक्यावर वाद घालत आहेत. देव दोन असते तर वाद पहिल्याच दिवशी मिटला असता : तुमच्याला नसेल, आमच्याला आहे.

यावर तो मुलगा म्हणेल, "पण चुकीलाही हद्द असते. कोणी म्हणालं, पात्रांव म्हणजे ती बाजारात मासे विकणारी बाई, तर आपण म्हणू, तू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोयस." बरोबर आहे. चूक इतकी मोठी होऊ शकते की माणूसच बदलतो. आणि तो योहानाचं पहिलं पत्र काढून दाखवील : जो पुत्राला नाकारतो त्याच्याजवळ पिताही नाही (२:२३). हे वचन मी हलकं मानत नाही. पण त्याला माझा एक प्रश्न आहे. हीच फूटपट्टी ज्यूंना लावशील का? ज्यूही पुत्राला मानत नाहीत, त्रैक्य मानत नाहीत. मग त्यांचाही देव वेगळा? तसं म्हटलं तर अब्राहाम, मोशे, दावीद यांचा देव वेगळा झाला, स्तोत्रसंहिता परक्या देवाची झाली, आणि येशूने लहानपणी मरियमच्या मांडीवर जी प्रार्थना ऐकली तीसुद्धा. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसाने नेमकं हेच म्हटलं होतं : जुन्या कराराचा, म्हणजे ज्यूंच्या शास्त्राचा, देव निराळा, येशूचा पिता निराळा. ख्रिस्ती मंडळीने त्याला तेव्हाच बाहेर काढलं. त्रैक्य न मानताही ज्यूंचा देव तोच राहतो हे ख्रिस्ती लोकांनी अठराशे वर्षांपूर्वी ठरवून टाकलंय.

तो म्हणेल, ज्यूंचं शास्त्र आमच्या बायबलमध्ये आहे, कुराण नाही. हा फरक खरा आहे आणि त्याने तो धरून ठेवावा. पण त्यावरून एवढंच म्हणता येईल की मुसलमानांनी देवाबद्दल काही चुकीचं मानलं. त्यांनी दुसऱ्याच कोणाला हाक मारली, हे त्यातून निघत नाही. ज्याने आकाश-पृथ्वी निर्माण केली, ज्याने अब्राहामाला घराबाहेर काढलं, मोशेशी बोलला, मरियमकडे दूत धाडला, त्याच्याकडे तोंड करून ते उभे राहतात.

ज्यूंबद्दल तुमच्या मुलीने विचारलं ते मला विशेष आवडलं, कारण गोव्यात त्यांची आठवण कोणी काढत नाही. मराठी माणसाला तर ते परके नव्हेतच. रायगडातले बेने इस्राएल मराठी बोलतात, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा. ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली, पण 'ऐक, इस्राएला' हे वाक्य तोंडी राहिलं. पुढे दावीद रहाबी नावाचा ज्यू तिथे आला आणि त्याने बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली, अशी कथा सांगतात. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी शिजवायला घेतली आणि बाकीची बाजूला सारली, कारण मोशेच्या नियमात तसंच आहे. रहाबीने त्यांना ओळखलं. गोंयकाराला ही गोष्ट लगेच पटते : धर्म ग्रंथातून पुसला गेला तरी मासे निवडणाऱ्या हातात राहतो.

माझी बहीण अलिबागकडे दिली होती. तिच्या शेजारच्या बेने इस्राएल घरात एकदा मी मलीदा पाहिला. मुलाला नोकरी लागली म्हणून नवस फेडत होते. मोठ्या परातीत भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, बेदाणे, कडेने केळी, खजूर, सफरचंदाच्या फोडी. पुरुषांनी टोप्या घातल्या, हिब्रूत प्रार्थना म्हटली. मध्ये मध्ये 'एलियाहू हन्नबी' असं येत होतं. एलियाहू हा पैगंबर, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा एलिया आणि मुसलमानांचा इलियास. मलीदा हा शब्द आपल्याला दर्ग्यावरून ठाऊक. प्रसाद हातावर ठेवताना घरातली आजी मराठीत म्हणाली, "देवाने ऐकलं." कोणता देव, असं विचारायचं मला सुचलंही नाही.

पण ज्यूंचं उत्तर सरळ नाही, हेही सांगायला हवं. बाराव्या शतकातला मोठा ज्यू पंडित मैमोनिदिस १२०४ साली मिसरमध्ये वारला. त्याचं बरंचसं आयुष्य मुसलमानी राज्यांत गेलं. मुसलमान एका देवालाच भजतात, ते मूर्तिपूजक नव्हेत, असा त्याने स्पष्ट निर्वाळा दिला. ख्रिस्ती लोकांबद्दल मात्र, पुत्राला देव मानतात म्हणून, त्याचं मत कडक होतं. परंपरेने चालणारा ज्यू आजही मशिदीत पाऊल ठेवील पण चर्चमध्ये नाही, असं दिसतं ते याचमुळे. मेनाहेम मेइरीसारख्या नंतरच्या पंडितांनी ख्रिस्ती लोकांना मूर्तिपूजकांच्या यादीतून काढलं, आणि २००० साली अमेरिकेतल्या शंभराहून अधिक रब्बी व विद्वानांनी सही करून जाहीर केलं की ज्यू आणि ख्रिस्ती एकाच देवाची उपासना करतात. त्यावरही ज्यूंमध्येच आक्षेप निघाले. म्हणजे ज्यू असो की ख्रिस्ती, तो एकाकडे बघून 'हो' म्हणतो आणि दुसऱ्याकडे बघून थबकतो. सगळ्यांत सहज 'हो' म्हणतो मुसलमान. आणि तुमच्या स्वयंपाकघरातून उठून जावं लागलं तेही त्यालाच, ही गोष्ट माझ्या मनाला लागली.

कॅथलिक शेजारणीलाही एक सांगा. तिच्या मुलाचं मत काही प्रॉटेस्टंट मंडळींचं आहे. अमेरिकेत व्हीटन या प्रॉटेस्टंट कॉलेजमधल्या लॅरिशिया हॉकिन्स या प्राध्यापिकेने २०१५च्या डिसेंबरात 'मुसलमान आणि आम्ही एकाच देवाला भजतो' असं लिहिलं, तेव्हा कॉलेजने तिला रजेवर पाठवलं आणि दोन महिन्यांत दोघांची फारकत झाली. पण हे कॅथलिक चर्चचं मत नव्हे. व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेने १९६४ साली लिहून ठेवलंय की मुसलमान आमच्याबरोबर त्या एका, दयाळू देवाची आराधना करतात. त्याच्या कितीतरी आधी, १०७६ साली, पोप सातवे ग्रेगरी यांनी उत्तर आफ्रिकेतल्या एका मुसलमान राजाला लिहिलं होतं की आपण दोघेही एकच देव मानतो, जरी रीत निराळी. आणि पोप दुसरे जॉन पॉल १९८५च्या ऑगस्टमध्ये कासाब्लांकाला मुसलमान तरुणांपुढे म्हणाले, आपण एकाच देवावर श्रद्धा ठेवतो. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलं की आपल्यातला सगळ्यांत मोठा फरक येशूबद्दल आहे आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. सहाच महिन्यांनी, १९८६च्या फेब्रुवारीत, ते गोव्यात आले. त्या आठवड्यात आमच्या छापखान्यात दिवसरात्र कोंकणी प्रार्थनांची पत्रकं निघत होती, 'आमच्या बापा'ची प्रुफं तपासून माझे डोळे लाल झाले होते.

'बापा' या शब्दावरून आठवलं. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. पहिल्याच ओवीत तो देवाला 'बापा' म्हणतो, पुढे परमेश्वर म्हणतो, स्वर्गाला वैकुंठ म्हणतो. ख्रिस्ताच्या पित्याला मराठीतला आपल्याच देवाचा शब्द देताना त्याचा हात अडला नाही. मी अल्लाहला 'ईश्वर' केलं आणि त्यानेही तसंच केलं, मग माझी चूक कशी, असं मी स्वतःला विचारलं होतं. उत्तर असं मिळालं : त्याने स्वतःची प्रार्थना दुसऱ्याच्या भाषेत नेली. मी दुसऱ्याची प्रार्थना त्याला न विचारता बदलली.

ताई, आता जे लिहितो ते जड आहे, पण मुलगी आठवीत आहे, तिला कळेल. तुमच्या फोंड्याची साफा मशीद अली आदिलशहाने १५६० साली बांधली असं सांगतात. तिच्या तळ्याच्या पायऱ्यांवर मुलीला एकदा घेऊन जा. त्याच १५६० साली, पलीकडे पोर्तुगीजांच्या गोव्यात, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं; ते १८१२ साली कायमचं बंद झालं. पणजीला चर्चसमोर जी बाग आहे तिला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. तो वैद्य होता, १५३४ साली गोव्यात आला, इथल्या औषधी झाडांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. छापखान्यातला माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे. त्याचं घराणं जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंचं. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, चोरून ज्यू धर्म पाळते म्हणून, गोव्यात जाळलं. १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. ज्याच्या नावाने चिता पेटवली तो अब्राहामाचा देव. जिच्यावर चोरून प्रार्थना केल्याचा आरोप होता तिने हाक मारली तीही त्यालाच. म्हणून देव एकच आहे हे सिद्ध झालं की शेजारी सुखाने राहतील, असा माझा भरवसा नाही. आणि त्या मुलासारखं 'वेगळा' मानणारा माणूस चांगला शेजारी होणार नाही, असंही नाही.

मावशी उठून का गेली, या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ती धर्मशास्त्र मांडत नव्हती. नऊ वर्षं एका परातीत हात घातलेल्या बाईने आपुलकीने एक वाक्य म्हटलं, आणि तिला सांगण्यात आलं की तू ज्याला पाच वेळा हाक मारतेस तो कोणी दुसराच आहे. मुलाला काही शिकवायचं असेल तर एवढं शिकवा : आपला देव कोण हे त्याने खुशाल सांगावं, मावशीचा देव कोण हे मावशीने सांगावं.

तुम्ही तिच्याकडे जा. ती आत येत नाही तर तुम्ही तिच्या आत जा, मुलीला घेऊन. नेवऱ्यांचं एक ताट कॅथलिक शेजारणीच्या हाती द्या आणि तिलाही बरोबर न्या. कुराणाच्या पाचव्या सूरेत ग्रंथवाल्यांचं अन्न मुसलमानांना हलाल सांगितलंय, तेव्हा त्या ताटाला ती नाही म्हणणार नाही. आणि बसल्यावर 'सगळे देव एकच' असं म्हणू नका. तिला विचारा, तू कशी हाक मारतेस?

प्रश्न : भाई, मी वास्कोला इंजिनिअरिंग शिकतो. मोबाइलवर एक मजकूर फिरतोय की अल्ला हा मुळात अरबांचा चंद्रदेव, म्हणून मशिदीवर चंद्रकोर असते. तेव्हा त्याचा बायबलशी संबंध नाही. हे खरं का?
— एक विद्यार्थी, वास्को

उत्तर : नाही, बाळा. अरबी भाषेत 'अल्लाह' म्हणजे तो देव, एकमेव. अरबी बोलणारे ख्रिस्ती आजही हाच शब्द वापरतात. त्यांच्या बायबलचं पहिलंच वाक्य, अल्लाहने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, असं आहे. माल्टाचे कॅथलिक देवाला 'अल्ला' म्हणतात, इंडोनेशियाच्या बायबलमध्येही तोच शब्द आहे. मलेशियात तर उलटा वाद झाला : तिथल्या कॅथलिक साप्ताहिकाने हा शब्द वापरू नये असं सरकार म्हणालं, कोर्टात भांडण गेलं आणि २०१४ साली साप्ताहिक हरलं. येशू क्रूसावर ज्या भाषेत ओरडला ती अरमाइक. 'एलोई, एलोई' हे त्याचे शब्द मार्कने जसेच्या तसे ठेवलेत. हिब्रूतला एलोहीम, अरमाइकमधला एलाह, अरबीतला इलाह, हे एकाच घरातले शब्द. आपल्याकडचे मुसलमान तर 'खुदा'ही म्हणतात. तो फारसी शब्द आहे, आणि उर्दू बायबल वाचणारे ख्रिस्तीही तोच म्हणतात.

इस्लामच्या आधीपासून हा शब्द होता याचा पुरावा पैगंबरांच्या घरातच आहे. त्यांच्या वडिलांचं नाव अब्दुल्ला, म्हणजे अल्लाहचा दास, आणि ते मुलाच्या जन्माआधीच वारले होते. चंद्रकोर मशिदींवर आली ती पुष्कळ नंतर, तुर्कांच्या राजवटीत ती रूढ झाली.

आणि चंद्राचं म्हणशील तर कुराणातच आहे, ४१व्या सूरेची ३७वी आयत : सूर्यापुढे वाकू नका, चंद्रापुढे वाकू नका, ज्याने त्यांना निर्माण केलं त्याच्यापुढे वाका. सहाव्या सूरेत इब्राहिमची, म्हणजे बायबलमधल्या अब्राहामाची, गोष्ट आहे. रात्री त्याने तारा पाहिला, म्हणाला हाच माझा देव, तो मावळला. मग चंद्र पाहिला, तोही मावळला. ज्याने तुला तो मजकूर पाठवला, त्याला ही गोष्ट पाठव.